चौथं वचन

ज्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि मला वाचता येत नव्हतं.

आकडे येत होते. मी छपराचं काम करणारा माणूस. किती कौलं लागतील, किती रिपा, वासे किती अंतरावर, हे मी खालून नजर टाकून सांगायचो आणि क्वचितच चुकायचो. पण अक्षर म्हणून एक ठाऊक नव्हतं. सहीच्या जागी मी माझ्या नावाचं एक चित्र काढायचो. ते मला बायकोने शिकवलं होतं, आणि त्याला अक्षरं म्हणतात हे मला मान्य असलं तरी माझ्यासाठी ते चित्रच होतं.

जुळं महिनाभर आधी आलं. एक मुलगा, एक मुलगी. दोघं मिळून एका उशीवर मावत. मुलीच्या सासरी तीन खोल्या. त्यात दोन बाळं, दोन आज्या, दोऱ्यांवर लटकलेली दुपटी, आणि मध्ये आम्ही दोघे आजोबा. गरम पाण्याची बादली आली की नेमके आमचे पाय आडवे. शेवटी एका गुरुवारी विहीणबाईंनी आम्हाला दाराबाहेर काढलं. म्हणाल्या, दर गुरुवारी संध्याकाळी मुलांची आंघोळ नीट होऊ द्या, तुम्ही दोघं कुठेही जा, पण तासभर तोंड दाखवू नका.

माझे व्याही औषधाच्या दुकानात कंपाउंडर होते. डॉक्टरांचं अक्षर, जे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वतःला लागत नाही, ते हे उभ्या उभ्या वाचत. घरात कपाटभर पुस्तकं. जेवताना समोर वर्तमानपत्र. मुलीचं लग्न ठरवायला ते आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, शिक्षण किती झालं तुमचं? मी म्हटलं, सातवी. सातवीच का, कोण जाणे. सहावी कमी वाटली असावी आणि आठवी झेपली नसती. बायको पाणी घेऊन उभी होती. तिने पेला पुढे केला, बोलली मात्र नाही. आतल्या खोलीत मुलगी ऐकत होती, तीही बोलली नाही. व्याही म्हणाले, छान, आमच्या घरी सगळ्यांना वाचायचा नाद, माणसं जुळतील. एक शब्द मी बोललो आणि आम्हा तिघांना गप्प बसावं लागलं. मुलगी तर ते सोबत घेऊनच सासरी गेली. उघडं पडलं असतं तर मला काय, मी आपल्या घरी. ऐकून घ्यावं लागलं असतं तिला, जन्मभर, त्या पुस्तकांच्या कपाटासमोर.

तर त्या गुरुवारी व्याही मला म्हणाले, चला, आमच्या बायबल मंडळात. बसून ऐका, नाहीतरी तास काढायचाच आहे.

मंडळ बसायचं ते शिंपीणमावशीच्या दुकानात. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. गळ्यात टेप असायचीच. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला आली तरी काढायची विसरायची आणि मग पवित्र भाकर घ्यायला कम्युनिअनच्या रांगेत ती घाईने खिशात कोंबायची. दुकान एका खोलीचं. दोन मशीनं भिंतीला, मध्ये कापड कापायचं मोठं टेबल. गुरुवारी सहा वाजता ती टेबलावरची कात्री, खडू, कागदाचे कापलेले नमुने एका टोपलीत भरायची, हाताने चिंध्या खाली लोटायची, आणि त्याच टेबलाभोवती आम्ही सहा जण बसायचो. मावशी, तिच्या शेजारी दवाखान्यातली नर्स, मग व्याही, मग मी, मग बेकरीवाला, मग बसचा ड्रायव्हर. अर्धवट शिवलेले कपडे हँगरवर आमच्या डोक्यांच्या मागे. बेकरीवाला म्हणायचा, हे सातवे, आठवे आणि नववे सभासद, पण त्यांना अजून हात नाहीत.

हे मंडळ तिने कसं सुरू केलं ते मला नंतर कळलं. ती फादरांकडे गेली आणि सहा पुस्तकं मागितली. फादरांनी विचारलं, शिकवणार कोण? ती म्हणाली, शिकवणार कोणी नाही, वाचणार सगळे. फादर हसले आणि त्यांनी पुस्तकं दिली, सगळी एकसारखी, नव्या छपाईची. सहावं पुस्तक वर्षभर रिकाम्या खुर्चीसमोर पडून होतं. ते माझ्या वाट्याला आलं.

वाचणार सगळे. हे ऐकलं असतं तर मी उंबरठा ओलांडला नसता. पहिल्या दिवशी मी घसा धरला असल्याचं सांगून सुटलो. पण त्या तासात मी जे पाहिलं ते मला सोडेना. त्यांची पद्धत अशी: पुढच्या आठवड्याचा भाग आधी ठरलेला. आल्यावर क्षणभर डोळे मिटून प्रार्थना. मग मावशीपासून सुरुवात करून प्रत्येकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं, फेरी संपली की पुन्हा मावशीपासून. मग काही मिनिटं सगळे गप्प. मग ज्याला जे लागलं ते त्याने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. एवढंच. पण नर्सने त्या दिवशी येशूच्या शिष्याच्या, पीटरच्या सासूच्या तापाबद्दल जे सांगितलं, म्हणजे बरी झालेली बाई लगेच उठून कामाला कशी लागते आणि ती का लागते, ते मी कुठल्या प्रवचनात ऐकलं नव्हतं. माझं सगळं आयुष्य मी चर्चच्या मागच्या बाकावर बसलेला माणूस. इथे मागचं बाक नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, मला जायचंय. ती म्हणाली, जा की. मी म्हटलं, वाचावं लागतं. ती भांडी विसळत होती. हात पुसले, आणि तिच्या आईचं जुनं बायबल ट्रंकेतून काढून आणलं.

मग आमचं ठरलं. जागा सगळ्यांच्या ठरलेल्या. मी चौथा. सहा माणसं, म्हणजे माझं वचन चौथं, आणि मोठा भाग असेल तर दहावं, मग सोळावं. मोजणं माझ्या हातचं. रोज सकाळी मी दाढी करताना बायको ती वचनं वाचायची आणि मी तिच्यामागून म्हणायचो. कोणी गैरहजर राहिलं तर पंचाईत नको म्हणून अलीकडचं आणि पलीकडचं वचनही पाठ. बायको वैतागून म्हणायची, अहो, एवढ्या मेहनतीत तुम्ही पाळकच झाला असता. गुरुवारी मी पुस्तक उघडायचो, अध्यायाचा आकडा शोधायचो, मग वचनाचा बारीक आकडा, त्यावर बोट ठेवायचो, आणि पाठ केलेलं म्हणून टाकायचो. थोडं अडखळतही, मुद्दाम.

चष्मा मला नव्हताच. लांबचं दिसायला लागायचा नाही, आणि जवळचं पाहतो कोण? व्याही आपला चष्मा पुसत मंडळात सांगायचे, आमचे व्याही बघा, या वयात चष्म्याशिवाय एवढं बारीक वाचतात, छपरावरच्या हवेचा गुण. मी मान खाली घालायचो. लोकांना ती नम्रता वाटत असेल असं मी समजायचो.

असे आठ महिने गेले. जुळं रांगायला लागलं.

मग तो भाग आला, मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, सुरुवातीची बारा वचनं. अर्धांग झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात, घराला गर्दीचा वेढा, आत शिरता येत नाही, तेव्हा ते वर चढतात, छप्पर उघडतात आणि त्याला खाटेसकट खाली सोडतात. आणि छपराचं वचन कितवं? चौथं. बायकोने वाचलं तेव्हा माझा वस्तरा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाट्याला माझं काम आलं होतं. मी ते आठवडाभर घोळवलं, वासे ठोकताना, जेवताना, बसमध्ये. त्या गुरुवारी मी वेळेच्या आधी जाऊन बसलो.

मावशीने पहिलं वाचलं. नर्सने दुसरं. व्याहींनी तिसरं सुरू केलं, आणि मी डोळे मिटून माझं चौथं मनात म्हणू लागलो. शेवटचा शब्द नीट पडावा म्हणून दोनदा म्हटलं. व्याहींचा आवाज थांबला. मी आकड्यावर बोट ठेवलं आणि खणखणीत म्हणालो. एका दमात, न अडखळता. आठ महिन्यांत इतकं चांगलं मी कधी म्हटलं नव्हतं.

बेकरीवाल्याला हसू फुटलं. म्हणाला, अहो, हे आत्ताच वाचलं की कंपाउंडरांनी.

झालं होतं ते असं. व्याही वाचनात रंगले होते. तिसरं वचन संपलं तरी थांबले नाहीत, चौथंही वाचून गेले. टेबलाभोवतीच्या पाचही जणांनी ते ऐकलं होतं. माझ्याच शेजारी बसून वाचलेलं मी ऐकलं नव्हतं, कारण मी ते पाठ म्हणत होतो.

मशीनवर एका शर्टाची बाही लोंबत होती, मी तिच्याकडे पाहत राहिलो. बेकरीवाल्याच्या लक्षात आलं तसा त्याचा चेहरा पडला. व्याही समोर पुस्तकात पाहत होते. मी उठायचं ठरवलं. टोपी कुठे ठेवली ते आठवेना.

मावशीने बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान टेबलावर एकदा वाजवलं. म्हणाली, "बेकरी, तुम्हीही चौथंच वाचा."

"चौथं?"

"एकदा उघडून छप्पर उघडतंय होय? वाचा."

त्याने वाचलं. मग ड्रायव्हरने तेच वाचलं, त्याच्या जाड आवाजात, थांबा सांगितल्यासारखं. मग मावशीने. मग नर्सने. एकच वचन चौघांनी, एकामागून एक. ते सगळे माझ्यासाठी हे करत आहेत हे मला कळत होतं, आणि जमीन दुभंगावी असं वाटत होतं. पण माझे कान चांगले आहेत. न वाचणाऱ्याचे असतात. दुसऱ्याच्या वाचनाला माझ्या लक्षात आलं, आणि चौथ्याला खात्री पटली. त्या चौघांचे शब्द एकसारखे होते आणि माझे वेगळे. त्यांच्या पुस्तकात खाट होती. मी शय्या म्हणालो होतो. त्यांच्याकडे गर्दी होती, माझ्याकडे दाटी. वाक्यच वेगळ्या वळणाचं.

बायकोच्या आईचं पुस्तक जुन्या भाषांतराचं होतं. मंडळातली सहा पुस्तकं नवी. एक वचन एकदाच वाचलं जायचं, त्यामुळे आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ माझ्यावर आठ महिन्यांत आली नव्हती. पण बाकीच्या पाच जणांची पुस्तकं तर समोर उघडी असत. मी बोलत असे एक आणि त्यांच्या डोळ्यांसमोर असे दुसरं. पहिल्या गुरुवारपासून त्यांना माहीत होतं. प्रत्येक गुरुवारी त्यांना माहीत होतं. आणि कोणी पापणी हलवली नव्हती.

फेरी व्याहींपाशी आली. मावशी, नर्स, बेकरीवाला काय म्हणतील याची मला तेवढी फिकीर नव्हती. या माणसाची होती.

व्याहींनी चष्मा काढला. पुस्तक मिटलं. आणि समोरच्या भिंतीकडे पाहत ते वचन म्हटलं. शय्या. दाटी. शब्दाला शब्द, माझ्या बायकोच्या आईच्या पुस्तकातलं.

पुढची आठ वचनं तशीच राहिली. मग मावशी माझ्याकडे वळली.

"छप्परदादा, आमच्यात वर चढलेले तुम्ही एकटे. कसं केलं असेल त्यांनी?"

मी विचार केला होता, आठवडाभर केला होता. म्हणून तोंड आपोआप सुरू झालं. मी सांगितलं की छप्पर मधून फोडायचं नाही, आढ्यापासून एका बाजूने उकलत यायचं, नाहीतर खालच्यांच्या डोक्यावर माती. दोर चार हवेत, चार कोपऱ्यांना. आणि चौघांनी एका लयीत सोडायचा. एकाने भरभर सोडला तर खाट कलंडते आणि आतला माणूस घसरतो. जो जोरदार असतो त्याने त्या वेळी कमजोराच्या चालीने चालायचं, कसबाचं काम ते आहे. बेकरीवाल्याने विचारलं, आणि छप्पर पुन्हा घातलं कोणी? मी म्हटलं, त्याच चौघांनी, दुसऱ्या दिवशी. ते लिहिलं नसेल, पण जी माणसं एवढं करतात ती भगदाड टाकून जात नाहीत. ड्रायव्हर हसला. नर्सने विचारलं, खालच्या माणसाने काय करायचं? मी म्हटलं, काही नाही. हलायचं नाही.

ती म्हणाली, "सगळ्यात अवघड तेच. माझे पेशंट उचलून घेताना लाजतात, म्हणून धडपडतात आणि म्हणून पडतात."

मी तिच्याकडे पाहिलं. मग व्याहींकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहिलं, आणि म्हणालो, "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. सातवी वगैरे काही नाही."

व्याहींनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला, पुस्तक उघडलं, पान शोधलं. "पाचवं वचन," ते म्हणाले. "बेकरी, तुमची पाळी."

आम्ही परत निघालो. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मी थांबलो. म्हटलं, लग्न ठरवताना मी खोटं बोललो, त्यात माझ्या मुलीचा दोष नाही, काय बोलायचं ते मला बोला.

"बोलायचं एकच आहे," ते म्हणाले. "खोटं सांगायचंच होतं तर सातवी काय? माणसाने दहावी तरी सांगावी."

मला हसू येईना. मी विचारलं, कधीपासून माहीत होतं?

"तुम्ही पहिलं वचन म्हणालात तेव्हापासून. बोट एकीकडे, शब्द दुसरीकडे."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी दुकानाच्या बंद फळ्यांवरून हात फिरवला. "माझ्या आईचं पुस्तक तेच होतं," ते म्हणाले. "ती रोज मोठ्याने वाचायची. ती गेली आणि नवी पुस्तकं आली. ते शब्द पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकू येतील असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही बसलात आणि शय्या म्हणालात. मी तुम्हाला काय सांगू, चुकलात म्हणून?" मग म्हणाले, "चष्म्याचं मी म्हणायचो ते मात्र थट्टेने. तेवढी मजा घेतली मी."

घराच्या पायऱ्या चढताना ते पुन्हा बोलले. म्हणाले, एक काम करा, सूनबाईला आता सुट्टी द्या. मला कळलं नाही. ते म्हणाले, तुम्ही दारात दिसलात की आमच्या घरात पेपर सापडत नाही.

आम्ही आत गेलो. आंघोळी झाल्या होत्या, खोलीत साबणाचा वास होता, दोन्ही बाळं दोन आज्यांच्या मांडीवर. माझी मुलगी दुपटं घडी करत उठली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं: उठता उठता तिने खुर्चीवरचं वर्तमानपत्र अलगद उचललं आणि गादीखाली सरकवलं. कोणी माझ्या हातात देऊ नये म्हणून. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी त्या घरी किती वेळा गेलो असेन.

व्याही गादीपाशी गेले, वाकले, पेपर काढला आणि टेबलावर ठेवला. मुलगी जागच्या जागी उभी राहिली. माझी बायको माझ्याकडे पाहू लागली.

"सांगितलं मी," मी म्हटलं.

विहीणबाई म्हणाल्या, काय सांगितलं? व्याही म्हणाले, ते तुम्हाला नंतर सांगतो, आधी ऐका, आणि खुर्चीत बसून त्यांनी पहिल्या पानापासून पेपर मोठ्याने वाचायला घेतला. एका पुलाच्या कामाची बातमी होती. मुलगी पाठ फिरवून दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. झालेल्या घड्याही मोडून तिने पुन्हा घातल्या. निघताना ती दारापर्यंत आली आणि माझ्या सदऱ्याची कॉलर उगाचच नीट केली.

पुढच्या सोमवारी मी काम लवकर आटोपून मावशीच्या दुकानात गेलो आणि विचारलं, मला शिकवाल का? ती म्हणाली, "मी वाट बघत होते. तुम्ही मागितल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुमचं माप न घेता कपडा कसा बेतू?"

तिने टेबलावर काळं कापड पसरलं आणि शिंप्याच्या खडूने त्यावर अक्षर काढलं. पाटी नको म्हणाली, कापडावर चुकलं तर झटकलं की झालं. अक्षरं ती तिच्या भाषेत शिकवायची. प म्हणजे खिसा. ष म्हणजे फाटलेला खिसा. व हे बटण, आणि ब हे टाका घालून पक्कं केलेलं बटण. शब्द लिहून झाला की ती खडू माझ्या हातात द्यायची. म्हणायची, वरची रेघ तुम्ही ओढा, छप्पर घालायचं काम तुमचं. मी शब्दाशब्दावर छप्पर घालायचो. गिऱ्हाईक आलं की ती माप घ्यायला उठायची आणि मी कापड झटकायचो. तशी सवय जायला वेळ लागला. एकदा एका बाईने विचारलं, हे काय चाललंय? मावशी म्हणाली, नवा कारागीर ठेवलाय, अजून काज जमत नाही.

मला दोन वर्षं लागली. आठवड्यातून दोन संध्याकाळी. जोडाक्षरांना मी शिव्याही दिल्या, आणि तिने त्या ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढ्या दिवसांत ती एकदाही म्हणाली नाही की हे तर सोपं आहे. मला शिकवणारा दुसरा कोणी असता तर तो नक्की म्हणाला असता, आणि मी उठून गेलो असतो.

मंडळातही एक पद्धत पडून गेली, कोणी न ठरवता. दर गुरुवारी भाग वाचून झाला की कोणीतरी एक वचन निवडायचं आणि ते सगळ्यांनी एकेकदा वाचायचं, टेबलाभोवती, सहा आवाजांत. लोक वाढले तेव्हा नऊ आवाजांत, मग बारा. दुसऱ्या चर्चचे लोक बघायला यायचे, ते विचारायचे, ही रीत कुठून घेतली, कोणत्या पुस्तकात आहे? मावशी म्हणायची, ही छपरावरून आली. ते हसून वहीत काहीतरी लिहून घ्यायचे.

व्याही त्या फेरीत नेहमी जुन्या शब्दांत म्हणायचे. मी नव्या शब्दांत वाचायचो, चष्मा लावून, बोटाखाली अक्षरं धरून. आमची अदलाबदल झाली होती.

जुळं सातवीत होतं त्या वर्षी शिंपीणमावशी गेली. तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेला पहिलं वाचन मी केलं. फादरांनी विचारलं होतं, घरचं कोणी वाचणार का? तिला घरचं कोणी नव्हतं, म्हणून मंडळाने मला पुढे केलं. मी वेदीपाशी गेलो, पुस्तकावरची रिबन सारली, आणि वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो, खरंच अडखळलो. खाली आलो तेव्हा मला कळलं की मी उजवा हात पँटीवर पुसत होतो, खडू लागला असल्यासारखा.

त्यानंतर दुकान बंद झालं आणि मंडळ व्याहींच्या घरी बसू लागलं, कपाटासमोर. टेबल मावशीचंच. ते दारातून आत जाईना, मी त्याचे पाय कापून आत घेतले आणि पुन्हा जोडले. तेव्हा व्याहींना काचबिंदू झाला होता. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. ज्या माणसाने उभ्या गावाच्या चिठ्ठ्या वाचल्या त्याला स्वतःच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव दिसेना. रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि काम सुटल्यावर रोज दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागलो. ते मध्ये मध्ये चूक काढायचे, न पाहता. एखादा अवघड शब्द आला की मी थांबायचो आणि ते म्हणायचे, "थांबू नका, कसाही वाचा, मी नीट ऐकतो."

पुस्तकाचं मात्र त्यांनी नवं नको म्हटलं. मग बायकोने ट्रंकेतून तिच्या आईचं काढून दिलं. ते मी त्यांना सुरुवातीपासून वाचून दाखवलं, रोज दोन पानं. मार्कचा दुसरा अध्याय आला त्या दिवशी चौथ्या वचनाशी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि ते स्वतः म्हणाले. मग पाचवं मी वाचलं.

विहीणबाईंना सातवीची गोष्ट कोणी कधी सांगितली मला माहीत नाही. पण एकदा चहा देताना त्या म्हणाल्या, आमच्या घरी सगळ्यांना वाचायचा नाद, आणि सगळ्यात जास्त तुम्हाला. मुलगी शेजारी होती. ती हसली. पेपर माझ्या हातात होता.

आमचं जुनं पुस्तक वाचून संपायला अडीच वर्षं लागली. शेवटचं पान झाल्यावर व्याही म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून घ्या. आम्ही दुसऱ्या पुस्तकापर्यंत, निर्गमापर्यंत पोचलो होतो.

शिंपीणमावशी फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी सकाळी गेली. ऐंशीव्या वर्षी. माझे व्याही त्यानंतर पाच वर्षांनी, जुळ्याने बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी, जूनच्या सात तारखेला, गुरुवारी दुपारी वारले.